गरम आहे तोवर या

प्रिय आई,

धाकट्याचा नमस्कार. मी बरा आहे, खोकला गेला, दोन्ही वेळा पोटभर जेवतो. बाबांचा गुडघा काय म्हणतो? ताईला सांग, यंदाही मला सुट्टी नाही. तिला रागवायचंच असेल तर इथल्या फार्मवरच्या डुकरांवर रागवावं.

ही जात आता फारशी कुठे उरलेली नाही. मांस मात्र इतकं चवदार, की हॉटेलवाले मालकाच्या मागे लागलेले असतात. मालक म्हणतो, "लोक खातात म्हणून तर टिकली, नाहीतर पाळली कुणी असती?" त्याचं म्हणणं खरं आहे, आणि त्याचाच जास्त संताप येतो.

यांचे कान डोळ्यांवर पडतात, त्यामुळे ती आवाजाच्या मागे चालतात. पहिल्या दिवशी मला काही सुचेना, म्हणून तू आम्हाला जेवायला बोलवायचीस तशीच हाक मारली, "या रे, गरम आहे तोवर या." सगळी आली. आता दुसऱ्या कुणी बोलावलं तर ढिम्म हलत नाहीत. मालकाने माझी हाक मोबाइलवर वाजवून पाहिली, तर एका म्हाताऱ्या डुकरिणीने मोबाइलच चावला. झालं, सुट्टी नामंजूर.

खायला घालताना ठीक आहे गं. पण खाटकाची गाडी येते तेव्हाही मीच आत उभा राहून तीच हाक मारतो. आणि ती येतात, एकमेकांना ढकलत, आनंदाने.

काळजी करू नकोस, स्वेटर घालतो. मी घरी येईन तेव्हा एवढंच कर. जेवण तयार झालं की माझ्या खांद्याला हात लाव. हाक मारू नकोस.

तुझा,
धाकटा