हं म्हण, मग पुढे

६ जानेवारी २००३

क्लास लावला एकदाचा! पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वर. गिरणी सुरू झाली की कॉम्प्युटरसकट आम्ही सगळे थरथरतो. कोर्सचं नाव मल्टिमीडिया. यादव सर म्हणाले, "चित्र, आवाज, अक्षरं, सगळं एकत्र. बघणारा नुसता बघत नाही, तो गोष्टीच्या आत शिरतो. कुठे जायचं ते तोच ठरवतो."

हे मला फारच आवडलं. मी कुठे जायचं हे आमच्या घरात कोण कोण ठरवतं ते लिहायला बसले तर वही संपेल.

मयूरने जुना कॉम्प्युटर घेतला तो फुलांच्या हिशेबासाठी. बायको त्यावर गोष्टी करणार म्हटल्यावर नवरोजी खूप हसले. सासूबाई शेवंती निवडत होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. मान वर न करता म्हणाल्या, "गोष्टीला मिशिन कशाला? तोंड हाय की."

९ जानेवारी

आज गोष्टीला दोन रस्ते काढायला शिकलो. एक बटण दाबलं की नदीकडे, दुसरं दाबलं की डोंगराकडे. सर याला फाटे म्हणतात. घरी येऊन कौतुकाने सांगितलं, तर आत्याबाई कपाळावर हात मारून— "लग्न होऊन आली तवापासून सांगती, फाटे फोडू नको, फाटे फोडू नको. आन् तू पैसे भरून तेच शिकती!"

मयूर जेवताना दोनदा ठसकला.

१४ जानेवारी

संक्रांत. आत्याबाईंचा घसा दिवाळीपासून बसलाय. आज "गोड बोला" म्हणताना नुसती हवाच आली. हळद, ओवा, ज्येष्ठमध, सगळं करून झालं. उद्या जबरदस्तीने डॉक्टरकडे नेणार.

१८ जानेवारी

गाठ आहे. स्वरयंत्रच काढावं लागेल म्हणाले. जीव वाचेल, पण बोलणं जाईल. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ऑपरेशन.

मयूरला सांगवेना. आईसमोर उभा राहिला आणि "पाण्याची मोटर बघून येतो" म्हणून निघून गेला. मग मीच सांगितलं. आत्याबाई बराच वेळ दोऱ्याचा गुंता सोडवत बसल्या. मग म्हणाल्या, "मंग साईला गोष्ट कोन सांगनार?"

साई म्हणजे नणंदेची मुलगी, वणीला असते. पाच वर्षांची आहे. सुट्टीत आली की आजीच्या कुशीतच.

"तुम्हीच सांगणार," मी म्हणाले. म्हणून बसले खरी. येतंय काय मला? दोन बटणं!

२० जानेवारी

माईक आणला. आत्याबाईंसमोर ठेवला. गप्प! मयूरच्या लग्नातसुद्धा इतक्या गप्प नव्हत्या.

"अगं, हं म्हनायला कोन हाय? हं आल्याबिगर गोष्ट पुढं जात नाय."

मग मीच शेजारी बसले हं म्हणायला. हरवलेल्या शेळीची गोष्ट. माळणीची शेळी सुटते, बाई तिला शोधत निघते. घोगरा आवाज, पण काय रंगवतात! शेळी कांद्याची पात खाते तिथे माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. पण मध्येच थांबल्या. "तू हं म्हनती का पावती फाडती?"

म्हटलं, सवय नाही. आई लवकर गेली. नांदगावला काकूकडे आम्ही सगळी पोरं एका रांगेत झोपायचो, दिवा गेला की डोळे मिटायचे. गोष्ट कोण सांगणार?

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

२३ जानेवारी

सर म्हणाले, मधले आवाज कापून रेकॉर्डिंग स्वच्छ करा. दोन दिवस बसून माझे सगळे हं कापले. अभिमानाने ऐकवलं. आत्याबाई म्हणाल्या, "ही बाई कोनाशी बोलती? भिंतीशी?"

राग आला. पाठ मोडेपर्यंत काम केलं होतं! पण खरंच तसंच वाटत होतं. रस्त्यातून एकटीच बडबडत जाणाऱ्या बाईसारखं.

२५ जानेवारी

सुचलं! भाकरी थापताना सुचलं. पहिली करपली, करपू दे.

जिथे जिथे हं कापलं, तिथे तिथे बटण! दाबलं तरच गोष्ट पुढे जाईल. सर म्हणाले, "बटणावर 'पुढे' लिहा." मी लिहिलं— हं. सर हसले. मग स्वतःच माऊस घेऊन दाबत बसले. शेळी सापडेपर्यंत उठले नाहीत. खाली गिरणी बंद झालेली कळलीसुद्धा नाही.

उठताना मात्र एक पाचर मारलीच. "आणि बघणाऱ्याने बटण दाबलंच नाही तर?"

२६ जानेवारी

तोच प्रश्न आत्याबाईंना विचारला. त्यांना तो प्रश्नच वाटला नाही. "हं आलं नाय की समजायचं, झोपलं. आंगावर गोधडी घालायची आन् आपन बी आडवं व्हायचं."

म्हटलं, "मशिन गोधडी कशी घालणार?"

"मंग तुझं मिशिन काय कामाचं?"

पण माईक ओढून घेतला आणि एका दमात बोलल्या— "झोपलं वाटतं माझं लेकरू. ऱ्हाऊ दे. उद्या सांगीन पुढचं."

बटण थोडा वेळ कुणी दाबलं नाही, तर हे वाक्य लागतं. चार वेळा तपासलं. चारही वेळा डोळे पुसले. असली कसली तपासणी!

१ फेब्रुवारी

नदीचा फाटा झाला, डोंगराचा झाला. आत्याबाई थकतात, पण सोडत नाहीत. "अजून एक फाटा घे. साई आडमुठी हाय, ती घरीच बसते म्हनाली तर?" ज्या बाईने आयुष्यभर फाटे फोडू दिले नाहीत!

आज घरी बसण्याचा फाटा झाला. शेळी आपणहून परत येते. हे त्यांना मनापासून पटत नाही. "आशी येत नस्ती शेळी," म्हणाल्या.

उद्या दवाखान्यात भरती.

४ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. ठीक आहेत.

१९ फेब्रुवारी

घरी आणलं. गळ्यावर पट्टी, तिच्यामागे भोक. मयूर सारखा "काय पाहिजे, काय पाहिजे" विचारतो आणि उत्तराची वाट बघत उभा राहतो. मग लक्षात येतं त्याच्या.

आत्याबाई टाळी वाजवून बोलावतात. एक टाळी मला, दोन मयूरला. मला एकच का, ते विचारायची सोय नाही.

२ मार्च

वणीहून साई आली. गोष्ट लावली. पोरगी वेडी झाली! माऊस दाबते आणि तोंडानेही "हं" म्हणते. तीनदा नदीकडे गेली शेळी शोधायला.

पण आत्याबाई उठून मळ्यात गेल्या. स्वतःचा आवाज सुरू झाल्याबरोबर. मागे गेले तर झेंडूच्या वाफ्यात पाठ करून बसलेल्या. हात लावला, तो त्यांनी बाजूला केला.

मी काय करून बसले? ज्यांचा आवाज कापून काढला, त्यांच्याच घरात तोच आवाज मोठ्याने लावला! शिकायची हौस माझी, आणि जाळ त्यांच्या काळजाला. बंद करून टाकते सगळं. मयूरला सांगितलं, घाल तुझा हिशेब त्यावर.

५ मार्च

साई गेली. घरात कुणी कुणाला टाळी वाजवत नाही. क्लासला गेले नाही.

९ मार्च

सरांचा निरोप आला, काम जमा करा. म्हणून दुपारी आत्याबाई पडल्या आहेत असं बघून गोष्ट शेवटची तपासायला घेतली, आवाज अगदी बारीक करून. पहाटेपासून फुलं तोडून अंग आंबलं होतं. दोन-तीन हं दाबले असतील. टेबलावर डोकं कधी टेकलं, कळलं नाही.

झोपेतच कानावर आलं— झोपलं वाटतं माझं लेकरू. ऱ्हाऊ दे.

आणि मग अंगावर गोधडी आली. कडा खांद्याखाली नीट खोचली गेली.

मार्चची दुपार, डोक्यावर पत्रा! घामाने निथळत होते. हं म्हटलं नाही. तशीच पडून राहिले.