चोरलेला पान्हा

मोशी
१९ जानेवारी १९७५

प्रिय दुर्गे,

तुझ्या आईच्या मातीला आलेल्या तुला तुझ्याच बाबांनी दारातूनच परत फिरवलं. त्यानंतर तुला लिहायचा मला धीर झाला नाही. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलंस, पण लातूरला तुम्ही दोघं सुखात असाल. मी अजून इथल्या दूध सेंटरवरच आहे. आलेल्या दुधाचा वास बघायचा, नासकं बाजूला काढायचं, फॅट तपासायची. आमचं दूध लोण्याला जातं, त्यामुळे सगळी किंमत फॅटला. तुमच्या घरच्या दुधाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं.

कौशल्याकाकू गेल्या आणि ते पातळ यायला लागलं. लॅक्टोमीटर म्हणे पाणी नाही, पण फॅट निम्मीच. आमचे सेंटरवाले रंगराव चारचौघांत म्हणाले, "ज्योतीराम, लोणी घरी ठेवून ताक आमाला पाजतो व्हय?" बाबा रिकामी किटली घेऊन निघून गेले. मला कळत होतं. म्हैस काकूंच्या हाताची. दुसऱ्याचा हात लागला की पान्हा चोरायची, शेवटचं दूध कासेतच धरून ठेवायची, आणि खरं लोणी असतं त्या शेवटच्या धारांत.

मग एका सकाळी फॅट पहिल्यासारखी लागली. रंगराव हसले, "सुधारला गडी." मी मात्र किटलीकडे बघत राहिले. तोंडाला फडकं बांधलेलं, कडा आत खोचलेल्या, थेट काकू खोचायच्या तशा.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी तुमच्या गोठ्याकडे गेले. नदीवरून धुकं आलेलं. आत काकू बसल्या होत्या. तेच हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, म्हशीच्या पोटाला कपाळ टेकलेलं, "ये माजी बाय" असं हळू आवाजात चाललेलं. माझ्या तोंडून "काकू!" निघून गेलं. पदराखालून बाबांनी वळून बघितलं. दाढी वाढलेली, डोळे ओले. म्हणाले, "पोरी, कुणाला सांगू नगंस. ही दुसऱ्या कुणाला पान्हवत न्हाई."

मी कुणालाच सांगितलं नाही. पण आधी ते धार काढून झाली की लुगडं सोडायचे, हल्ली सोडत नाहीत. दिवसभर ओसरीवर तसेच बसतात, तांदूळ निवडतात, मधूनच कुणाला तरी हाक मारतात. सुरुवातीला शेजारी हसले. आता कुणी हसत नाही. बायका त्या बाजूनं पाण्याला जायचंही टाळतात.

काल भर दुपारी ते तसेच आमच्या दारात आले. तुझं नाव घरात काढायचं नाही, अशी शपथ घातलेला हा माणूस. पदर ओढून घेतला आणि काकूंच्या बारीक आवाजात म्हणाले, "ताहेरा, दुर्गीचं पत्र आलं का गं? ह्यांना कळू देऊ नगंस." काकू चोरून यायच्या तेव्हा अगदी हेच, असंच विचारायच्या. म्हणजे बाबांना सगळं ठाऊक होतं, दुर्गे, आणि ते गप्प राहिले होते.  मी म्हटलं, "पत्र कशाला, तिलाच बोलावते."  ते "लवकर बोलाव," एवढंच म्हणाले, आणि तो आवाज त्यांचा स्वतःचा होता. ये गं.

तुझी वाट बघणारी, तुझीच
ताहेरा