खंडेनवमीच्या पाटावरून उचललेला नकाशा

अण्णा, तुमच्यावरचा राग अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, माझेही केस पांढरे झाले, तरी खंडेनवमी आली की माझं डोकं फिरतं.

राहात्याच्या आसपास विहिरींवरच्या मोटारी जोडून तुम्ही संसार केलात, आणि तेच काम मला शिकवलंत. वायरमनचा परवाना मिळाला तेव्हा गावभर सांगत फिरलात. मग दुष्काळ पडला, विहिरी आटल्या, आणि मी कोपरगावकडे साखर कारखान्याच्या नव्या बांधकामावर वायरमन म्हणून लागलो. तिथं गवंडी स्लॅब ओतून मोकळे व्हायचे आणि वायरीचे पाइप टाकायचे राहून जायचे. मग फोडा काँक्रीट! गवंडी आणि वायरमन यांचा रोजचा तंटा मिटवायला कुणीतरी हवं होतं. साहेबांनी मला सुपरवायझर केलं. त्यात मी काय तुमचं नाक कापलं होतं?

त्या वर्षी हाताखालच्या चौघांना मी घरी जेवायला आणलं. तुम्ही पक्कड, टेस्टर, पाने घासूनपुसून पाटावर मांडताय. मी बांधकामाचा सुरळी केलेला नकाशा शेजारी ठेवतो. हळदकुंकू वाहता वाहता तुम्ही थांबता, नकाशा उचलता आणि खाटेवर टाकता.

"ही हत्यारांची पूजा हाय. कागुद पुजायचा न्हाई."

"आवो, ऱ्हाऊ द्या की," आई म्हणते. "पोराचं आता त्येच हत्यार हाय."

तुम्ही माझ्याकडे न बघता त्या चौघांना सांगता, "सुपरवायझर म्हंजी दुसऱ्याच्या हातानं शॉक खानारा मानूस."

एक जण फिदीफिदी हसला. पुढे ते वाक्य साऱ्या साइटवर पसरलं.

मी मनात उत्तर जुळवत राहिलो, आणि संक्रांतीच्या आतच तुम्ही गेलात. भांडायलासुद्धा थांबला नाहीत.

उन्हाळ्यात कारखान्याच्या ऊस गाळायच्या मिलची चाचणी चालू होती. मेन स्विच बंद आहे असं पलीकडून कुणीतरी ओरडलं, त्या चौघांतल्या एकानं पॅनेलमध्ये हात घातला आणि भडका उडाला. दोन्ही हात भाजले. मी त्याला ट्रकमध्ये घालून नगरच्या दवाखान्यात नेलं. शेवगावकडून त्याची बायको आली. रडली नाही. मला म्हणाली, "सायेब, तुमी कुठं हुता?"

शॉक माझ्या हाताला बसला नाही, कबूल. पण तिच्यासमोर उभं कोण राहिलं? तुमच्या पक्कडीला असा प्रश्न कुणी विचारला होता का कधी?

हे पत्र मी कुठल्या पेटीत टाकणार नाही, घडी घालून ठेवून देईन. पण इतकं भांडून झाल्यावर एक सांगतो. त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसलो असताना मला तुमच्याशी भांडायचं नव्हतं. त्या बाईला काय सांगायचं, एवढंच तुम्हाला विचारायचं होतं.