हजार फुटांचं अंतर

मॅडम, परवा तुमचा मुलगा दिग्रसला आमच्या फ्लेक्सच्या दुकानात आला होता. मी लगेच ओळखलं, कपाळ तुमचंच आहे. नागपूरला विमानांच्या वाहतुकीवर नजर ठेवण्याची नोकरी करतो हे मला ठाऊक होतं; गावात ज्याने त्याने ते मला दोनदोनदा सांगितलं आहे. तुमच्या आठवणीसाठी त्याला शाळेत एक फलक लावायचा आहे, डोक्यावरून जाणारी विमानं पोरांना समजावीत म्हणून. मजकूर लिहून आणला होता. "शुद्धलेखन तूच बघ," म्हणाला. "आई म्हणायची, तुझी वेलांटी चुकत नाही." तुम्ही घरी माझं नाव काढत होता हे मला इतक्या वर्षांनी कळलं, आणि तेही त्याच्याच तोंडून कळावं याचा राग आला.

वेलांटी तुम्हीच शिकवली. मी तांड्यावरचा, घरी बंजाऱ्यांची गोरबोली, रस्त्यावर वऱ्हाडी, आणि वहीत काय लिहावं ते कळत नसे. शाळा सुटली की तुम्ही मला तुमच्या सैपाकघरात पाटावर बसवायचात. एकदा मी 'उंचि' लिहिलं. तुम्ही पोळी लाटता लाटता थांबता, पिठाचं बोट वहीवर टेकवता. "कायले घाई करतं रे? शब्द संपला की वेलांटी लांब सोडायची." मग तव्यावरची पहिली पोळी मला, तूप-साखर घालून. समोरच्या फळीवर वसतिगृहाच्या गणवेशातला तुमच्या मुलाचा फोटो असतो. मी त्याच्याकडे पाठ करून खातो.

मजकूर चांगला होता, हे लिहिताना जिवावर येतं. फार उंचावर हवा विरळ होते आणि तिचा दाब उंचीबरोबर अगदी थोडाथोडा बदलतो. विमानातलं उंची मोजणारं यंत्र त्या दाबावरच चालतं, म्हणून तिथे त्याची चूक वाढते. त्यामुळे पूर्वी तिथे एका विमानाच्या वरून दुसरं विमान जायचं ते दोन हजार फूट सोडून. पुढे यंत्रं सुधारली. एकाची चूक दुसऱ्याने पकडावी म्हणून दोन वेगवेगळी बसवली, उंची ढळली तर इशारा देणारी सोय आली, आणि मगच ते अंतर हजार फुटांवर आणलं. तेवढ्याच आकाशात आता जास्त विमानं मावतात. मी विचारलं, "ज्याच्यात असलं यंत्र नाही, त्याचं काय?" "त्याला अजूनही दोन हजार," तो हसला. "नाहीतर खालूनच जा म्हणतो आम्ही." मला हसू आलं नाही. नववीत आईबापासोबत ऊसतोडीला गेलो आणि शाळा तिथेच सुटली. खालून जाणं मला कोणी समजावून सांगायला नको होतं.

तो गेल्यावर अक्षरं जुळवायला बसलो. शेवटची ओळ तुमच्यासाठी होती: 'माझ्या आईने मला नेहमी अंतर दिलं.' मी थांबलो. इंग्रजी शाळेतला मुलगा. त्याला म्हणायचं असेल, आईने मोकळीक दिली. पण आपल्याकडे अंतर देणं म्हणजे टाकून देणं. लग्नात मुलीचा बाप जावयासमोर हात जोडतो, हिला अंतर देऊ नका म्हणतो. विमानांमध्ये मोजून अंतर ठेवणारा तुमचा मुलगा साऱ्या गावासमोर लिहिणार होता की आईने त्याला टाकलं. मला आनंद झाला, मॅडम. बाकीचा प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घ तीनदा तपासला, त्या ओळीला हात लावला नाही. मालक मागून ओरडले, "अबे पंडित, झालं का नाई? लोक फोटो पायतात, वेलांटी नाई!" झालं म्हणालो, पण छपाईला सोडवेना. ओळीच्या वर तुमचा फोटो होता.

शेवटी तुमच्या मुलाला फोन लावला. "दादा, शेवटच्या ओळीत 'अंतर'चा अर्थ वेगळा होऊन राह्यला."

"माहीत आहे बे मले," तो म्हणाला. "पाचवीत मला नागपूरला ठेवलं. सुट्टीत घरी यायचो, तर माझ्या ताटात वाढता वाढता तुझंच कौतुक. तांड्यावरचा पोरगा कसा लिहितो पाय! मी पत्रात मुद्दाम चुका करायचो, तिने रागवावं म्हणून. एकदाही रागावली नाही."

"मग असंच छापू?"

"तूच ठरव. तिच्याजवळ तू होता."

फलक लागला आहे. त्यावर 'माझ्या आईने मला कधी अंतर दिलं नाही' असं आहे. सगळ्यांना आवडलं. त्याने वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तुमच्या मानासाठी बदललं, असं मी मालकांना सांगितलं.

तुम्ही गेलात तेव्हा मी उसाच्या फडात होतो. परत आलो तर दाराला कुलूप. शेजारच्या काकूंनी विचारलं, "तू कोण रे त्यांचा?" तुम्ही अंतर दिलं, असं मी कोणत्या नात्याने म्हणू? त्याला म्हणता येतं. तो मुलगा आहे. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहितो. ती तक्रार एकट्या त्याची होती, मला ती कधीच करता आली नसती, म्हणून मी ती त्याच्याही नावावर राहू दिली नाही.