पांढऱ्या कापडाचा गठ्ठा

५ नोव्हेंबर १९५९, मालवण

पोचले एकदाची! एस.टी.ने फोंडा घाटात आतडी पिळून काढली, पण संध्याकाळी समुद्र दिसला आणि सगळा शीण गेला. सांगलीच्या दवाखान्यातून तीन महिन्यांची रजा घेऊन आले आहे. डॉ. पेडणेकर पंधरवड्याने आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर दवाखाना मांडायला जाणार. तिथे डॉक्टर म्हणून कुणीच नाही. त्यांच्याबरोबर नर्स म्हणून मी. आजवर समुद्र पाहिला नव्हता, आता थेट ओलांडायचा!

उतरले आहे आनंदीबाईंकडे. निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहतात. सोलकढी दोन वाट्या प्यायले, तिसरी त्यांनी न विचारता ओतली.

७ नोव्हेंबर

धक्क्याजवळच्या रिकाम्या वखारीत काम चालतं. आम्ही चौघी: आनंदीबाई, सुशीला, तिची जाऊ नर्मदा आणि मी. दोघी जावा सकाळी मासळी विकून दुपारी येतात, पैसे घेत नाहीत. कुनैन, आयोडिन, सल्फाच्या गोळ्या पेट्यांत भरायच्या, बाटल्यांभोवती पेंढा खुपसायचा. गावाने दिलेली जुनी धोतरं उकळून, वाळवून, फाडून पट्ट्या गुंडाळायच्या. आनंदीबाईंची बोटं संधिवाताने आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी झालीत, तरी त्या कामावरून उठत नाहीत.

१० नोव्हेंबर

धोतरं संपली. वखारीच्या कोपऱ्यात ताडपत्रीत बांधलेला एक गठ्ठा होता; होडीवाल्या गुणाजींनी गणपतीनंतर समुद्रातून ओढून आणलेला. आनंदीबाईंनी तो उघडला. आत पांढरंशुभ्र कापड. खारट डाग नाही, बुरशी नाही. इतकं मऊ कापड मी हाताळलेलं नाही. उकळलं तरी गार लागतं.

गुणाजींना ते पटलं नाही. म्हणाले, "बाय, ता कापड माका बरा दिसना नाय." गठ्ठा ओढल्यावर त्यांचा हात दोन दिवस मेल्यासारखा होता, म्हणून त्यांनी तो उघडलाच नाही. आम्ही हसलो.

१३ नोव्हेंबर

आनंदीबाई सकाळीच माझ्या खोलीत आल्या. "बोटां दुखूची थांबली गो, नर्सबाय!" बारा वर्षांचं दुखणं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. दिवसभरात त्यांनी साठ पट्ट्या गुंडाळल्या. मलाही बाटलीची काच लागली, पण आयोडिन लावताना झोंबलं नाही.

१६ नोव्हेंबर

सुशीला पेट्यांवर गोणपाट शिवत होती आणि बाजारातल्या सुरमईच्या गोष्टी सांगत होती. उठायला गेली तर गोणपाट हाताबरोबर वर आलं. बोटाच्या कातडीतून तीन टाके गेले होते. रक्त ठिबकत होतं आणि ती गोष्ट पुरी करत होती. मी दोरा कापला.

मी घाबरले नाही. लिहिताना याचंच नवल वाटतं. थोडंसंच.

१८ नोव्हेंबर

नर्मदेचा नवरा लवू सकाळी बुडाला. होडी खडकावर उलटली. गुणाजी रडत सांगायला आले. नर्मदेने मान वर केली. "माका कळला. ह्यो पट्टो पुरो करतंय, मगे जातंय."

पट्टी पुरी केली. मग दुसरी घेतली.

आम्ही कुणीच रडलो नाही. सुशीलाही नाही, सख्खा दीर तिचा. गुणाजींनी आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि पाठ न दाखवता, मागे मागे सरकत दाराबाहेर गेले.

१९ नोव्हेंबर

टाचणी टोचून पाहिली. बोटं, नाही. कोपर, नाही. गळा, नाही.

आईचं पत्र आलं. तिचा दुसराही डोळा गेला म्हणे. वाचलं. घडी केली. पट्ट्या गुंडाळायला बसले.

२० नोव्हेंबर

डॉक्टर आले. त्यांना सगळं सांगितलं. शांत ऐकून घेतलं. त्यांच्या अंगठ्याला आमचीच पट्टी होती, चार दिवसांपूर्वी नमुन्याला पाठवलेली. म्हणाले, रोग्याला वेदनाच होणार नसतील तर वाईट काय? 

उद्या पेट्या पडावात चढणार, तिथून आगबोटीत.

तिथल्या बायका. बाळंतिणी. मूल रडेल आणि आई—

२१ नोव्हेंबर, दुपार

मला काहीच वाटत नाही. दया नाही, भीती नाही. पण शिकताना पाठ केलेलं डोक्यात आहे: दूषित कापड जाळायचं. तेवढंच आहे. तेवढं पुरे.

पट्ट्या भरलेल्या सातही पेट्या उघडल्या. उरलेला गठ्ठा वर टाकला. घासलेट ओतलं. सुशीला दाराबाहेर उभी राहून बघत होती. अडवलं नाही. मदतही नाही. आनंदीबाई घरी पट्ट्या नसताना नुसतीच बोटं फिरवत बसल्यात.

काडी ओढली.

पेटलं. डॉक्टरांना सांगायला सुशीला धावली नाही. तिलाही काही वाटत नसणार.

शेवटची पेटी जळेपर्यंत इथेच बसते. कुणी ओढून काढू नये. लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा कुणी—

पाच गेल्या. सहावी—

गुणाजी बाहेरून ओरडताहेत. बाय, भायर ये. बाय, फाटी बघ, पाठीकडे—

थांबा म्हणावं. एकच राहिली.

वास येतोय. कापडाचा नव्हे. केस जळल्याचा.

सुशीला तर बाहेर आहे. आत मी एकटीच, मग हे केस