एकोणीस नंबरचा गोल

सातारा परिसर, औरंगाबाद
१२ मे २०१९

चि. चिन्मय यास,

सदाशिवकाकाचा आशीर्वाद. इथं टँकर तीन दिवसांआड येतो. समोर सात मजली बिल्डिंग चढतेय, तिला पाणी कुठून आणणार ते देव जाणे. बाकी ठीक.

तुझं निमंत्रण मिळालं. स्मरणशक्तीच्या गोळीबद्दल तुझा सत्कार, आणि खाली तुझ्या अक्षरात, 'काकूंना स्टेजवर आणा, लोकांना फरक दिसू द्या.' वा रे बहाद्दर! नात्याची नाही तर नाही, निदान पेशाची तरी लाज बाळगायची.

बावीस वर्षं मी स्कॅनच्या मशीनवर काढली. रिटायर झाल्यावर तूच बोलावलंस. साठ पेशंट, गोळीआधी एक एमआरआय, सहा महिन्यांनी दुसरा. कानशिलाच्या आत आठवणींचा जो करंगळीएवढा भाग असतो, त्याच्या कडेनं प्रत्येक चित्रावर माउसनं रेघ ओढायची, आतला आकार कॉम्प्युटर मोजणार. चार महिने डोळे फोडून घेतले. निघालं काय? काडीचा फरक नाही.

मग तू काय केलंस? आधी अख्ख्या मेंदूत वाढ कुठं दिसते ते शोधलंस. एका कोपऱ्यात वाढीचा चिमूटभर रंग दिसला. म्हणालास, "काका, आता गोल इथं काढा." त्याच गोलातले आकडे काढलेस, अन् वाढ झाली म्हणून जर्नलमध्ये छापलंस. अरे, टँकर उभा असलेल्या गल्लीतल्या भरल्या घागरी मोजायच्या आणि गावात दुष्काळ नाही म्हणायचं, त्यातली गत! एवढं शिकून हेच करायचं होतं तर शिकलास कशाला?

तू म्हणशील, गोल काढले कुणी? मीच. आधी म्हणालो होतो, हे बरोबर नाही. मग एकोणीस नंबर उघडला. नावं झाकलेली होती, पण एकोणीस म्हणजे उमा, तुझी काकू, हे मला ठाऊक होतं, तिला मशीनवर मीच झोपवलं होतं. नव्या गोलात तिचा आकडा वाढलेला होता. बस्स. उरलेले गोल गुमान काढले.

इतका वेळ तुलाच बोलत बसलो, कारण पुढचं लिहायला हात धजत नव्हता. तो आकडा मी घरी तिच्यावर चालवला. दूध उतू गेलं, की "आता बरी झालीस ना, नाटकं कसली करतेस?" नातवाचं नाव आठवेना, की "मुद्दाम करतेस!" वर्षभर ओरडलो रे. ती आपली "चुकलं हो" म्हणायची. हरामखोर नुसता तू नाहीस.

काल जर्नलच्या संपादकांना दोन्ही मोजमापं पाठवली, गोल कसे सरकवले त्याच्या हकीकतीसह, माझ्या सहीनं. तुला सत्कार घ्यायचा तर खुशाल घे. उमा येणार नाही.

हल्ली मी खोलीत शिरलो की ती दचकते, पदराला हात पुसत उभी राहते. का, ते तिला आठवत नाही. मला आठवतं.

दुसरे गोल काढणारा,
सदाशिव