समारोपाची दहा मिनिटं

आई,

वेरिबी या आमच्या उपनगरातल्या कम्युनिटी हॉलमध्ये माणसं गप्प बसली की दिवे आपोआप विझतात. तुझ्या जाण्याबद्दल मी एक ओळ लिहिली नाही, या दिव्यांबद्दल मात्र कौन्सिलला सात ईमेल लिहिले. उत्तर येतं, नो वरीज. तोवर दर शनिवारी मी उभी राहून हात हलवते, की दिवे परत लागतात. इथे याला नेतृत्व म्हणतात.

हसू नकोस. बाहेरून आलेल्या, काळ्यासावळ्या घरांतल्या मुलींनी पुढे यावं म्हणून मी नेतृत्वाचा, भाषणाचा वर्ग घेते. स्वतःचं जगणं सांगा, हा आमचा मंत्र. मागच्या महिन्यात आपल्यातलीच एक, युनिव्हर्सिटीत नर्सिंग शिकणारी, भाषण लिहून घेऊन आली. ट्रेनमध्ये कुणी तिला 'परत जा' म्हणाला, ते मी ठेवलं. पुढे होतं की गणपतीत ओळखीच्या एका मराठी बाईंनी तिला मोदक वळायला बोलावलं, बोलता बोलता आडनाव विचारलं आणि तिच्या पुढ्यातलं ताट ओढून म्हणाल्या, "राहू दे गं, दमली असशील." ते मी खोडलं.

"आँटी, व्हाय?"

"घरातलं असं चारचौघांत काढायचं नसतं. त्यात गोऱ्यांसमोर."

"ट्रेनवाला कुणीतरी रँडम होता. यांना मी मावशी म्हणायचे."

मी बोललेलं वाक्य माझं नव्हतंच, तुझं होतं. मी नववीत आहे, तू भाकरी थापते आहेस आणि मी शाळेच्या स्पर्धेसाठीचं भाषण वाचून दाखवतेय. मैत्रिणीच्या घरी माझ्यासाठी वेगळा पेला असतो, हे त्यात आहे. पिठाच्या हातानेच तू कागद घेतेस. "घरातलं चारचौघांत काढायचं नसतं. पुस्तकातलं बोल." मी पुस्तकातलं बोलले, दुसरी आले. तुझा राग आला होता का, हे आता शोधते तर काही सापडत नाही. तू गेलीस तेव्हाही असंच झालं होतं. लोक रडत होते आणि मी चपला जुळवून ठेवत होते.

काल कार्यक्रम होता. पुढे कौन्सिलची माणसं, दुसऱ्या रांगेत त्या मोदकवाल्या बाई. समारोपाची दहा मिनिटं माझी होती. यादीतलं माझं नाव खोडून मी पोरीचं लिहिलं आणि तिला तिचा मूळ कागद दिला.

"सगळं वाचू? शुअर?"

"नाही. पण वाच."

आणि मी मागच्या किचनमध्ये कप विसळायला निघून गेले. ऐकायची हिंमत नव्हती, असं मुलींना सांगेन. हे पत्र काही कुठे जायचं नाही, म्हणून तुला खरं सांगते. किचनचं दार उघडं ठेवलं होतं, आणि नळ मी सुरूच केला नाही.